रसायन अभियंत्याला चक्रीय अर्थव्यवस्थेत काम आहे का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. रसायन अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली आपली मुलगी कारखान्यातील नोकरीऐवजी परिसराची अर्थव्यवस्था चक्रीय करण्याच्या, म्हणजे वस्तू व साहित्य टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरते ठेवण्याच्या कामात पडू पाहते आहे, आणि इतके शिकून तिने अखेर कचराच हाताळायचा का, असे आपण विचारले आहे. काळजी रास्त आहे. मात्र या कामाचा मोठा भाग कचरा होण्याच्या आधीच घडतो आणि तो तिच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे.

डेन्मार्कमधील कालुंडबोर्गचे उदाहरण पाहावे. १९७२ मध्ये तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा जादा वायू शेजारच्या जिप्समच्या फळ्या बनवणाऱ्या कारखान्याला इंधन म्हणून देण्याचे ठरले; पुढे कोळशावरच्या वीजकेंद्राची वाफ औषधनिर्मितीला मिळू लागली, आणि त्याच केंद्राच्या धुरातील गंधक काढताना तयार होणारे जिप्सम फळ्यांसाठी कच्चा माल ठरले. हे कोणी आधी आराखडा आखून केले नाही. एकेक करार दोन्ही बाजूंना परवडला, म्हणून होत गेले. यात एक धोकाही आहे. कोळसा जाळणे थांबले की ते जिप्समही थांबते, आणि टाकाऊ पदार्थाला गिऱ्हाईक पक्के झाले की तो मुळात कमी करण्याची निकड कोणाला वाटत नाही. म्हणून ‘हे कोणाला देता येईल?’ याच्या आधी ‘हे निर्माणच का होते?’ असे विचारणारा माणूस लागतो, आणि त्याला प्रक्रिया आतून ठाऊक असावी लागते.

त्यामुळे आकर्षक नावाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची घाई तिने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-तीन वर्षे उत्पादन विभागात काढावीत. वस्तुमानाचा ताळेबंद, म्हणजे प्रक्रियेत किती माल आत गेला आणि किती कुठून बाहेर पडला याचा हिशेब, मांडणे तिला येतच असेल. तोच संपूर्ण प्रदेशासाठी मांडला की त्याला मटेरियल फ्लो अ‍ॅनालिसिस म्हणतात. त्याच्या जोडीला जीवनचक्र मूल्यमापन (कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत वस्तूचा पर्यावरणावर होणारा परिणाम मोजणे), टाकाऊ पदार्थ आणि उपउत्पादन यांत कायदा करतो तो फरक, आणि खरेदीचे करार हे तिने शिकावे. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ अशी पाटी असलेल्या जागा थोड्या असतात. हे काम बहुधा प्रक्रिया, खरेदी, ऊर्जा किंवा स्थानिक नियोजन अशा पदांवरूनच केले जाते, हेही तिला आताच सांगावे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अजून ठरला नसेल, तर एखाद्या कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक प्रवाह किती, किती तापमानाचा, किती शुद्ध आणि कशामुळे निर्माण होतो, याची नोंद तिने स्वतः तिथे उभे राहून करावी. तो तक्ता तयार झाल्यावर तिने मला लिहिले, तर पुढील शिक्षणाविषयी अधिक नेमके सांगता येईल.