गोव्यात राहणाऱ्या माणसानं समुद्र बघायला मॉरिशसला जावं का? पहिल्या लांबच्या प्रवासाची तयारी कशी करावी?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. पहिलाच परदेश प्रवास, तोही मुंबईहून सहा तासांच्या वर विमान, तर तयारी काय करावी? रिसॉर्टमध्ये सात रात्री जास्त होतात का? आणि शेवटी हळूच: 'आम्ही डिचोलीचे, लग्नाला २५ वर्षं होताहेत, पण समुद्र बघायला एवढा खर्च म्हणजे घरच्यांना वेडेपणा वाटतो.' पहिल्या दोहोंची उत्तरं कोणीही देईल. तिसऱ्यासाठी मी लॉगिन केलं.

घरच्यांपैकी नेमकं कोण म्हणतंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्याकडे साडू म्हणाले होते.

मी पेडण्याचा. २८ वर्षं कांदोळीच्या पट्ट्यातल्या एका रिसॉर्टमध्ये हाउसकीपिंगला होतो. रूमबॉय म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. या २८ वर्षांत डिसेंबरात एकदाही रजा मिळाली नाही. नाताळ आणि नव्या वर्षाचा पंधरवडा हॉटेलवाल्याच्या घरच्यांनी विसरायचा असतो. आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात बायकोची थोरली बहीण, तिचे यजमान, दोन मुलं आणि कधीकधी यजमानांच्या ऑफिसातलं एखादं जोडपं पुण्याहून आमच्या घरी यायचं. 'गोव्यात घरचं घर असताना हॉटेल कशाला?' असं ते यायच्या आधी फोनवर हसून म्हणायचे. मी कांदोळीत लोकांच्या चादरी, टॉवेल बघायचो आणि बायको पेडण्यात. मला त्याचा पगार मिळायचा, एवढाच फरक.

२०२३ मध्ये मी निवृत्त झालो आणि त्याच डिसेंबरात लग्नाला ३० वर्षं होत होती. मुलीनं मॉरिशस सुचवलं. साडूंना कळलं तसा त्यांचा फोन आला. ‘अहो, तुमच्या दारात समुद्र. मॉरिशसला काय वेगळं पाणी आहे?’

तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं. आता देतो. हो, वेगळं आहे.

मॉरिशसच्या जवळजवळ सगळ्या बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. लाटा त्या भिंतीवर, लांब बाहेर फुटतात. आतलं पाणी तळ्यासारखं शांत आणि उथळ, खाली पांढरी वाळू, म्हणून तो निळा रंग. आपला किनारा उघडा. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी पावसाळ्यात तांबडी माती आणून ओततात, लाटा थेट पायावर येतात आणि जून ते सप्टेंबर लाल बावटे. आपला समुद्र वाईट नाही, पण तो पोटापाण्याचा समुद्र आहे. माझी बायको सावंतवाडीची. आमच्या घरापासून समुद्र स्कूटरनं अर्ध्या तासावर. तरी ३० वर्षांत तिचे पाय घोट्यापर्यंतच भिजले. कारण ती किनाऱ्यावर जायची ती पाहुण्यांबरोबर, आणि पाहुणे पाण्यात गेले की चपला, मोबाईल, टॉवेल सांभाळत कोणीतरी वाळूत बसावं लागतं.

तिथे तिसऱ्या दिवशी ती पंजाबी ड्रेस घालून कमरेएवढ्या पाण्यात गेली आणि पाऊण तास बाहेर आली नाही. मी चपला सांभाळल्या.

आता तयारीचं, भराभर. भारतीय पासपोर्टवर फिरायला जाताना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि हातात पुरेसे पैसे हे तिथे उतरल्यावर दाखवता आलं पाहिजे. गोवा–मुंबई आणि मुंबई–मॉरिशस ही दोन तिकिटं वेगवेगळी काढून हजार-दोन हजार वाचवू नका. एकाच तिकिटात असलं तर सामान सहसा थेट पुढे जातं आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीच्या गळ्यात. मुंबईत आंतरराष्ट्रीय विमानं दोन नंबरच्या टर्मिनलवरून सुटतात. तुमचं गोव्याचं विमान एक नंबरला उतरलं तर मध्ये मुंबईचा रस्ता आहे, आणि मुंबईच्या रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. प्लग इंग्लंडसारखा, तीन चौकोनी पिनांचा, त्यामुळे अडॅप्टर इथूनच घ्या. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ वेष्टन बरोबर हवंच. तिथे त्या बाबतीत फार कडक आहेत, काही औषधांना आधी परवानगी लागते. प्रवासी विमा काढा. पॅकेज घेतलंत तर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, वर लावतील, तो आयकर रिटर्न भरताना वळता करून घ्या. पाण्यात जायला रबरी बूट न्या, प्रवाळानं पाय कापतात आणि दगडासारखा दिसणारा एक विषारी मासाही असतो. खाण्याचं फार नेऊ नका. बायकोनं सुकी सुंगटं (कोळंबी) घेतली होती, ती मी मोपाच्या विमानतळावर निघायच्या आधी बॅगेतून काढून ठेवली आणि ते भांडण मुंबईपर्यंत पुरलं.

रिसॉर्ट निवडताना मात्र माझं ऐका, ही माझी गल्ली आहे. 'सी व्ह्यू' म्हणजे खिडकीतून मान वाकडी केली की समुद्र दिसतो. समोर समुद्र हवा असेल तर 'बीचफ्रंट' लिहिलंय का बघा आणि कुठला मजला ते विचारा. त्या महिन्यात डागडुजी चालू आहे का, हेही लिहून विचारा, हॉटेल आपणहून सांगत नाही. बुकिंग करतानाच लग्नाची २५ वर्षं आहेत हे कळवा. तिथले बरेच रिसॉर्ट लग्नाच्या वाढदिवसाची सवलत देतात, लग्नाच्या दाखल्याची प्रत मागतात. 'हाफ बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण, पिण्याचं वेगळं. पहिल्या रात्री मी एक बिअर आणि पाण्याच्या दोन बाटल्या मागवल्या. बिलावर रुपये बघून म्हटलं, ठीक आहे. खोलीवर आल्यावर आठवलं की ते त्यांचे रुपये, आणि त्यांचा रुपया आपल्या जवळजवळ दुप्पट. गोव्यात बिअर पिणाऱ्या माणसाला हे जिव्हारी लागतं. रोज दोन पेग घेणारे असाल तर 'ऑल इन्क्लुझिव्ह' घ्या, नसाल तर पैसे वाया.

आणि टीप शेवटच्या दिवशी एकदम ठेवू नका, रोज थोडी ठेवा. खोली साफ करणारं माणूस सुटीनुसार बदलतं, शेवटच्या दिवसाचं पाकीट ज्याच्या हाती लागतं त्यानं तुमची खोली एकदाच केलेली असते. हे २८ वर्षं बघितलंय.

पण पहिल्या लांबच्या प्रवासाला खरी अडचण पासपोर्ट-प्लगची नसते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी टक्क जागा, कारण पेडण्यात सहा वाजलेले. नंतर बायको उठून बाल्कनीत गेली आणि मी पलंग केला. खालची चादर ताणली, पायथ्याचे कोपरे पाकिटासारखे दुमडले, उशीच्या खोळीचं तोंड दाराच्या उलट्या बाजूला. तसबिरीच्या चौकटीवरून बोट फिरवून बघितलं. धूळ नव्हती. (आमच्याकडे असायची.) साडेनऊला खोली करणारी बाई आली, माझ्या बायकोच्या वयाची. पलंगाकडे बघितलं, एका कोपऱ्याखाली हात घातला, माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, “हॉटेल?” मी म्हटलं, “ट्वेंटी-एट इयर्स.” ती मोठ्यानं हसली. मग एका झटक्यात माझी चादर ओढून काढली आणि पहिल्यापासून परत घातली. बरोबरच केलं. पाहुण्यानं घातलेली चादर तशीच सोडली तर तिच्या सुपरवायझरला वाटणार की हिनं बदललीच नाही. मीही त्याच शंकेनं कितीतरी पोरांना बोललोय.

मी मदतीला दुसरं टोक धरायला गेलो तर तिनं हातानंच बाल्कनी दाखवली. तिकडून बायको म्हणाली, “आतां पुरो. बस रे जरा.” बसलो. दुसरं कोणी चादर घालतंय आणि मी बसून बघतोय, हे आयुष्यात पहिल्यांदा. तिचा डावा कोपरा माझ्यापेक्षा चांगला होता.

नाश्त्याला बायको ताटल्या एकावर एक रचून ठेवायची ते सुटायला चार दिवस लागले. म्हणून सात रात्री जास्त नाहीत. तुमच्या सौभाग्यवती घरी किती माणसांचं करतात त्यावर आहे. चार माणसांचं करत असतील तर पाच रात्री पुरतील, दहांचं करत असतील तर सातही कमीच.

सातच्या सात दिवस रिसॉर्टमध्ये पडून राहू नका, एवढं मात्र करा. मुख्य बेट गोव्याच्या जवळपास निम्म्या आकाराचं, गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं. दोन दिवसांसाठी टॅक्सी ठरवा, भाडं आधी बोलून. आमचा ड्रायव्हर मराठी निघाला. म्हणजे पणजोबा रत्नागिरीकडचे आणि आडनाव म्हणजे त्या पणजोबांचंच नाव, शेवटी 'जी' लावलेलं. घरात तिथली क्रेओल बोली, कामावर फ्रेंच-इंग्रजी, आणि मराठी शाळेत शिकलेली, सावकाश, एकेक शब्द तपासून. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुटी असते हे त्यानं दोनदा सांगितलं. (चवथीला गोव्याचा माणूस घर सोडणार नाही, नाहीतर म्हटलं असतं तेव्हा जा.)

त्यानं आम्हाला पोर्ट लुईला आप्रवासी घाटावर नेलं. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं भारतातून करारावर ऊसमळ्यांसाठी या बंदरात उतरली. २००६ मध्ये ती जागा जागतिक वारसा यादीत आली. बघायला फार काही नाही, दगडी पायऱ्या, थोड्या भिंती. बायकोनं विचारलं, “मग हे लोक परत गेले नाहीत?” तो म्हणाला, “थोडे गेले. आमचे नाही गेले. म्हणून मी आहे.” नंतर त्यानं रस्त्याकडेला ढोल पुरी खाऊ घातली, आत वाटाण्याच्या डाळीचं पुरण असलेली पातळ पोळी, वर रस्सा आणि चटणी. बायको म्हणाली, गूळ विसरलेली पुरणपोळी. दोन मागितल्या, मग आणखी दोन. निघताना मी त्याला सालवाल्या काजूचं पाकीट दिलं आणि एक त्या खोली करणाऱ्या बाईला. काजू तेवढे माझ्या तावडीतून सुटले होते.

साडूंचा फोन २६ डिसेंबरला आला. मी किनाऱ्यावर चपला सांभाळत बसलेलो. “आम्ही तुमच्या दारात आहोत. कुलूप आहे. किल्ली कुठे?” त्यांना वाटलं होतं आम्ही नाताळाच्या आधी परत येऊ. खरं तर तारखा मी सांगितल्या होत्या, त्यांनी ऐकल्या नसतील. बायको समोर कमरेएवढ्या पाण्यात. म्हटलं, “ती आंघोळीला गेलीय, आली की विचारतो.” किल्ली शेजारी होती. ते मी सांगितलं नाही.

म्हणून माझा सल्ला: डिसेंबरातच जा, घराला कुलूप लावून.

आता हे आधी लिहायला हवं होतं, पण राहिलं. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली, त्यामुळे डिसेंबर म्हणजे तिथला उन्हाळा, घाम आपल्या एप्रिलसारखा. चक्रीवादळांचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. शिवाय नाताळात भाव सगळ्यात चढे. आम्हाला एक अख्खा दिवस पाऊस लागला. तुम्ही कोणापासून पळत नसाल तर मे, सप्टेंबर, ऑक्टोबर हे महिने चांगले. जून ते ऑगस्टही चालतील, इथे पाऊस, तिथे कोरडी थंडी, पण तेव्हा पूर्व किनाऱ्यावर बोचरा वारा असतो, बेल मारच्या बाजूला खोली घेऊ नका, पश्चिमेला किंवा उत्तरेला ग्रां बेकडे बघा. आणि कर्ज काढून जाऊ नका. आम्ही निवृत्तीच्या पैशातून गेलो, तेही मुलीनं तिकिटं काढली म्हणून.

साडू माणूस वाईट नाहीत. २०१९ मध्ये मेहुणीच्या आणि त्यांच्या धावपळीमुळेच माझ्या बायकोचं पुण्यातलं ऑपरेशन नीट झालं, तेव्हा आम्ही महिनाभर त्यांच्याकडे राहिलो होतो. हेही लिहायला हवं. पुढच्या डिसेंबरात ते परत गोव्यात आले, पण कांदोळीला हॉटेलात उतरले, जरा घुश्श्यातच. पहिल्याच दुपारी बायको मला म्हणाली, गाडी काढ. मागच्या सीटवर सुंगटांचं हुमण, भात आणि सोलकढीची बाटली, चौघांना पुरेल एवढी.