वाचकांचे प्रश्न : शिवारातून जाणारी वाघाची वाट

प्रश्न : आमचे शेत टिपेश्वर अभयारण्यापासून फार दूर नाही. आमचे शिवार वाघांच्या ‘कॉरिडॉर’मध्ये, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्याच्या वाटेत, येते आणि वन विभाग संशोधन संस्थांच्या मदतीने त्याचे नियोजन करणार आहे, अशी गावात चर्चा आहे. उद्या जमिनी जातील का? शिवाय वाघाच्या गळ्यात पट्टा बांधून शेतकऱ्याच्या पदरात काय पडते?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : जमीन कॉरिडॉरमध्ये आहे एवढ्या कारणाने ती संपादित होत नाही, सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावावर राहतो आणि कपाशी घ्यावी की तूर, हेही त्यानेच ठरवायचे असते. वन्यजीव संरक्षण कायद्याचा कटाक्ष वेगळ्या गोष्टीवर आहे. दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणारा पट्टा पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामासाठी वळवायचा असेल, तर ते काम सार्वजनिक हिताचे असले पाहिजे आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या सल्ल्याने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची मान्यता त्याला मिळाली पाहिजे. म्हणजे ही अट खाणी, महामार्ग अशा प्रकल्पांना अडवते, नांगराला नव्हे. व्याघ्र संवर्धन आराखडा करताना स्थानिक लोकांची शेती आणि उपजीविका यांचे हित राखावे, असेही हाच कायदा राज्य सरकारला सांगतो. मात्र गावकऱ्यांना तेवढे वाक्य क्वचितच वाचून दाखवले जाते.

आता गळ्यातल्या पट्ट्याविषयी. टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाला भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्र वन विभाग यांनी २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली. ‘वॉकर’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला हा वाघ पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर पडला आणि विदर्भ, मराठवाडा व तेलंगणातून फिरत, सुमारे १,३०० किलोमीटरची चाल करून डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. उपग्रहामार्फत मिळालेल्या त्याच्या नोंदी नकाशावर मांडल्या तेव्हा दिसले की या वाटेचा बराच भाग शेतांमधला आहे. अशा प्रवासात वाघ दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत किंवा उभ्या पिकात दडतो आणि रात्री चालतो. कापूस निघाला, तुरीची कापणी झाली की शिवारातला आडोसा संपतो. उन्हाळ्यात उरतात ते झाडी राखलेले नाले, ओढे आणि पडीक गायरान. म्हणून आपल्या भागात नियोजनाची सुरुवात कुंपणाने नव्हे, तर नाल्याकाठची झाडी राखण्यापासून व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : वन विभाग असताना यात बाहेरच्या संस्था आणि इतर सरकारी खाती कशाला?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कारण वाघाच्या वाटेतला रस्ता एकाचा, कालवा दुसऱ्याचा आणि शेत तिसऱ्याचे असते, अभयारण्याची हद्द संपली की वन विभागाचा अधिकारही झपाट्याने पातळ होतो. नागपूर–शिवनी महामार्गाचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पेंचच्या जंगलातून जाणारा हा रस्ता रुंद करताना, न्यायालयीन वादानंतर, महाराष्ट्राच्या हद्दीत वन्यप्राण्यांना खालून जाण्यासाठी नऊ ठिकाणी भुयारी मार्ग व पूल बांधले गेले; त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने त्यांच्याखाली कॅमेरे लावले, तेव्हा वाघांसह १८ जातींचे वन्यप्राणी तेथून ये-जा करताना टिपले गेले. पैसा महामार्ग प्राधिकरणाचा आणि शास्त्रीय तपासणी संस्थेची, अशी ही वाटणी होती.

सिंचनाच्या कालव्यांकडे मात्र एवढे लक्ष गेलेले नाही. सिमेंटचे अस्तर केलेल्या खोल कालव्यात रोही किंवा बिबट्या पडला, तर उताराच्या गुळगुळीत भिंतीवर त्याचे पाय टिकत नाहीत आणि तो तसाच वाहत जातो. ठरावीक अंतरावर खरबरीत उतरण आणि वर माती टाकलेला रुंद पूल एवढे मूळ नकाशातच धरले, तर खर्च फार वाढत नाही; नंतर बसवायला गेले की निविदांतच वर्षे जातात.

ओळख पटवण्याचे कामही एकट्याने होत नाही. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला, तेव्हा तो टिपेश्वरचा आहे हे जुन्या छायाचित्रांशी पट्टे जुळवूनच कळले. ही छायाचित्रे एका कार्यालयाच्या कपाटात राहिली असती, तर तो वाघ कुठून आला यावर नुसते तर्कच चालले असते.

प्रश्न : वाघाने बैल मारला, तर भरपाईसाठी काय करावे?
– एक पशुपालक, वाशिम जिल्हा

उत्तर : मृत जनावर जागेवरून हलवू नये आणि ४८ तासांच्या आत जवळच्या वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवावे. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे आणि आसपासच्या ठशांवर कोणी चालू नये म्हणून ते घमेल्याने झाकून ठेवावेत. मांसावर विष टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये; तो गंभीर गुन्हा आहे.