न्यायमूर्तींच्या सचिवालयात रुजू होताना

लंडनच्या सिव्हिल जस्टिस कौन्सिलमध्ये लागतोयस ना? मग एक घोळ आधीच मिटव. दिवाणी कोर्टांच्या कामकाजाचे नियम बनवते ती सिव्हिल प्रोसीजर रूल कमिटी. आपली कौन्सिल दिवाणी न्यायव्यवस्थेबद्दल नुसता सल्ला देते. दोन्ही १९९७ च्या एकाच कायद्यातल्या, म्हणून पत्रं हमखास चुकीच्या टेबलावर येतात.

कौन्सिलचे अध्यक्ष मास्टर ऑफ द रोल्स, म्हणजे अपील न्यायालयाच्या दिवाणी विभागाचे प्रमुख. कोर्ट साधारण साडेदहाला बसतं, त्यामुळे सही हवी असेल तर त्याआधी गाठायचं. सोबत अर्ध्या पानाचं टिपण दे, त्यात नेमकं काय ठरवायचंय ते पहिल्याच ओळीत. चाळीस पानी जोडपत्र कोणी वाचत नाही (वाचलं, तर मात्र पृष्ठक्रमांक तपासतात!).

इतिवृत्तात निर्णय, जबाबदारी, मुदत एवढंच लिही. चालू खटल्याबद्दल अक्षरही नको.