वाचक विचारतात : घरात जनावर असेल तर इशारा पातळीलाच निघा

पावसाळा तोंडावर आला की या सदरात पुराची पत्रं येतात. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. नदी वेगळी, जनावर वेगळं, पण अडचण बहुतेकांची एकच आहे: निघायला झालेला उशीर.

आमच्याकडे २८ किलोचा लॅब्रेडॉर आहे. २०२१ मध्ये पाणी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर आम्ही निघालो. होडीत कुत्रं घ्यायला नकार मिळाला, त्याला शेजाऱ्यांच्या गच्चीवर ठेवावं लागलं. त्याच्यासाठी बॅग भरून ठेवायची आहे. काय काय घ्यावं?
— एक वाचक, सांगली

बॅग नंतर. आधी फूट ठरवा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पण सांगलीत प्रत्येक गल्लीला आपापला आकडा पाठ असतो, अमुक फुटाला पाणी चौकात, तमुक फुटाला उंबऱ्याशी. तुमच्या उंबऱ्याच्या आकड्यातून पाच फूट वजा करा आणि तो आकडा कॅलेंडरवर लिहा. पाणी तिथे पोचलं की घरातला एक माणूस कुत्र्याला घेऊन निघेल, बाकीचे मागून आले तरी चालतील. आकडा ४० च्या वर येत असेल तर ४० च धरा. सांगलीत कृष्णा फुटाफुटाने चढते. ही सवलत सगळ्या नद्या देत नाहीत, आणि "अजून वेळ आहे" म्हणत ती घालवली जाते. होडी आली म्हणजे तुमच्या हातातला निर्णय गेला. तिथे माणसं आधी, घाबरलेलं कुत्रं मध्येच उडी मारतं, रबरी होडीला नखं लागतात. होडीवरच्यांनी नाही म्हटलं तर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. रिक्षा-टेम्पो चालू आहेत तोवरच जनावर हलवणं सोपं.

जायचं कुठे, तेही आजच ठरवा. निवारा केंद्र शाळेत किंवा मंगल कार्यालयात असतं, तिथे कुत्र्याला आत घेतीलच असं नाही. उंचावरची दोन ओळखीची घरं आणि कुत्री सांभाळणारं एखादं ठिकाण, असे तीन पत्ते हवेत. फोन करून "पाणी आलं तर कुत्र्याला घेऊन येऊ का?" असं स्पष्ट विचारा. "या की, विचारता काय!" हे उत्तर माणसांपुरतं असतं. त्यांच्याकडे दम्याचा रुग्ण आहे किंवा त्यांचं स्वतःचं मांजर आहे, हे दारात उभं राहिल्यावर कळून उपयोग नाही.

आता बॅग. या वजनाच्या कुत्र्याला कोरडं खाणं दिवसाला साधारण ३०० ते ३५० ग्रॅम लागतं, म्हणजे सात दिवसांचं अडीच किलो. मोठी पिशवी तशीच उचलून नेऊ नका. एकदा फोडली की श्रावणातल्या हवेत ती चार दिवसांत मऊ पडते, मग बुरशी. एका दिवसाची एक बंद पिशवी, अशा सात पिशव्या करा आणि दर सहा आठवड्यांनी त्या वापरून नव्या भरा. रोजचंच खाणं घ्या. अचानक बदललं तर जुलाब होतात, आणि परक्या घरात कुत्र्याला जुलाब होणं म्हणजे काय ते सांगायला नको. केंद्रातली खिचडी देऊ नका, तिच्यात कांदा-लसूण असतो आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. पाणी किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला दीड लिटर. धापा टाकणाऱ्या कुत्र्यासाठी दोन धरा. तीन दिवसांचं सहा लिटर सोबत असावं, कारण पुरात सर्वांत आधी नळ बंद होतो.

गळ्यातल्या पट्ट्यावर दोन फोन नंबर हवेत, त्यातला एक गावाबाहेरच्या माणसाचा. तुमचा मोबाइल बंद पडलेला असेल, मिरजेतल्या भावाचा चालू असेल. मायक्रोचिप असली तर तिचा १५ अंकी क्रमांक लसीच्या पुस्तकात आणि तुमच्या फोनमध्ये लिहा. चिप जागा दाखवत नाही, ती वाचायला यंत्र लागतं आणि क्रमांक कोणाच्या नावावर नोंदला नसेल तर तो नुसता आकडा राहतो. कुत्र्याचा तुमच्यासोबतचा एक फोटो कागदावर छापून ठेवा. "हे आमचंच" हे सिद्ध करायची वेळ येते.

छातीला बसणारा हार्नेस आणि सहा फुटी साधा पट्टा घ्या. ओला गळा नुसत्या पट्ट्यातून निसटतो. लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा गर्दीत कुचकामी. आणि तोंडावर चढवायची टोपलीसारखी जाळीची मझल, म्हणजे मुसकं, हवंच, कुत्रं कितीही गुणी असलं तरी. भ्यालेलं कुत्रं मालकालाही चावतं. कापडी मझल तोंड घट्ट मिटते, मग त्याला धापा टाकता येत नाहीत आणि अंग तापतं, म्हणून ती दहा मिनिटांपलीकडे नको. होडीत बसावंच लागलं तर त्याला तळाशी दोन गुडघ्यांमध्ये बसवा, पायांत मोजे घालून वरून चिकटपट्टी लावा. पट्टा हातात धरा, होडीला बांधू नका आणि मनगटालाही गुंडाळू नका. होडी कलंडली तर बांधलेला जीव तिच्यासोबत जातो.

२२ जुलै २०२१ च्या पहाटे पाणी आलं तेव्हा मांजर माळ्यावर लपलं, हाती लागलंच नाही. सुदैवाने वाचलं. पुन्हा तशी वेळ आली तर?
— एक वाचक, चिपळूण

तुमच्याकडे सांगलीचं फुटांचं गणित चालत नाही. घाटात कोसळलेला पाऊस आणि समुद्राची भरती एकत्र आली की वाशिष्ठी काही तासांत गावात शिरते. म्हणून तुमचा नियम आकड्यावर नाही, रात्रीवर ठेवा. मुसळधार पावसाचा लाल इशारा आणि मोठं उधाण एकाच रात्री असेल, तर संध्याकाळीच मांजर एका खोलीत घ्यायचं, दार बंद, पिंजरा त्याच खोलीत. खोली अशी निवडा की पलंगाखाली आणि कपाटामागे जागा उरणार नाही. असेल तर जुन्या चादरींनी बुजवा. मांजराला पकडणं हे काम पाणी आल्यावर करायचं नाही, झोपायच्या आधी करायचं आहे.

बरीच मांजरं पिंजरा दिसला की पळतात, कारण वर्षातून एकदा तो निघतो आणि सुईशी संपतो. तो कायमचा घरात उघडा पडू द्या. दार काढून ठेवा, आत त्याचंच जुनं फडकं घाला, पंधरा दिवस एक वेळचं खाणं आतच द्या. नंतर दार लावून पाच सेकंद, मग मिनिटभर, मग उचलून जिन्यापर्यंत. मे महिन्यात सुरुवात केली तर आषाढापर्यंत मांजर तिथे आपणहून झोपायला लागतं. पिंजरा वरून उघडणारा घ्या, कारण समोरच्या दारातून मांजर ढकलताना चारी पाय चौकटीला अडकतात.

पिंजरा हाताशी नसेल तर उशीचा सुती अभ्रा घ्या. तो उलटा करून आत हात घाला, मांजराला मानेच्या मागून आणि मागच्या पायांखालून धरा, अभ्रा त्याच्यावरून सरळ करत आणा, तोंडाशी गाठ मारा. सुती कापडातून हवा जाते. प्लास्टिकची किंवा रेक्झिनची पिशवी अजिबात नको.

चार किलोच्या मांजराला दिवसाला पाव लिटर पाणी, शी-शूसाठी एक उथळ घमेलं आणि फाडलेली वर्तमानपत्रं एवढं पुरतं. नव्या जागी ते एकाच खोलीत ठेवा. खाणं सोडलं तर "भूक लागली की खाईल" म्हणून बसू नका. दोन दिवस पूर्ण उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठायला लागते आणि ते दगावू शकतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नाही, मांजराला ते विष आहे.

इतकं करूनही मागे ठेवावं लागलंच तर बांधू नका, कोंडू नका. वरच्या मजल्यापर्यंतची आतली सगळी दारं खुंट्या लावून उघडी ठेवा, माळ्याला शिडी टेकवा, पाण्याची दोन-तीन जड भांडी वरच ठेवा. किती जनावरं, कुठल्या खोलीत आणि तुमचा फोन, ही माहिती ऑइल पेंटने लिहा, साधी शाई पावसात वाहून जाते. लिहायची ती वरच्या मजल्याच्या खिडकीशेजारी. खालच्या दारावर लिहिलेलं पाण्याखाली जातं, ते वाचणार कोण?

आम्ही दोघं नोकरीला जातो. सोसायटीत २५ जुलै २०२४ ला पार्किंग बुडालं होतं. आमच्या कुत्रीला फिट्स येतात, त्यावर फिनोबार्बिटोनच्या गोळ्या चालू आहेत. आम्ही घरी नसताना असं काही झालं तर?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

तुमच्या घराची चावी आणि कुत्रीची ओळख, दोन्ही शेजाऱ्यांकडे हवी. नुसती चावी देऊन भागत नाही. त्या माणसाने आठवड्यातून एकदा तरी तिला पट्टा लावून जिन्याने खाली-वर नेलं पाहिजे, नाहीतर गोंधळात ती त्याला घरात घेणार नाही. पट्टा, मझल आणि औषधाची डबी दाराशी एकाच खुंटीवर टांगा. खडकवासला धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की दोघांपैकी घरी कोणी परतायचं, हेही आधीच ठरलेलं असू द्या.

गोळ्यांचं महत्त्व खाण्याहून जास्त. हे औषध अचानक थांबलं तर फिट्सवर फिट्स येऊ शकतात. १५ दिवसांच्या जादा गोळ्या नेहमी घरात ठेवा. चिठ्ठीशिवाय दुकानदार देत नाही, म्हणून चिठ्ठीची प्रत डबीतच ठेवा आणि फोटो शेजाऱ्यांच्याही फोनमध्ये असू द्या. डबीवर मात्रा आणि वेळा मराठीत लिहा, घाईत कोणालाही वाचता आलं पाहिजे.

पाणी पार्किंगमध्ये असताना तिला त्या पाण्यातून नेऊ नका, मीटरची पेटी तिथेच असते. वीज बंद केल्याची खात्री होईपर्यंत वरच्याच मजल्यावर थांबा. लिफ्ट बंद असणार. जड किंवा नुकतीच फिट येऊन गेलेली कुत्री जिन्याने न्यायची तर तिला घोंगडीवर आडवी करा, दोघांनी चार कोपरे धरा, डोकं चढाच्या बाजूला.

दोन म्हशी, पाच शेळ्या. २०१९ ला गोठ्यातल्या दाव्याच्या गाठी सुटेनात म्हणून रेडकू गेलं. काय करायला हवं होतं?
— एक वाचक, शिरोळ तालुका

भिजलेलं सुती किंवा अंबाडीचं दावं फुगतं आणि गाठ आवळते. पावसाळ्यात खुंट्याला एका ओढीत सुटणारी गाठ मारा आणि धारेचा विळा गोठ्याच्या चौकटीला, डोक्याच्या उंचीवर, खोचून ठेवा. पाणी चढत असताना मालकाला गोठ्याजवळ थांबता येणार नसेल तर जनावर मोकळं सोडणं हाच उपाय. म्हैस पोहते, बांधलेली म्हैस बुडते.

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तुमच्याकडे कृष्णाही येऊन मिळते, म्हणून ३९ ची बातमी म्हणजे जनावरं माळावर चढवायची वेळ. शेळ्या आधी, त्या पाण्यात टिकत नाहीत. दर म्हशीमागे दिवसाला पाच-सहा किलो कडबा आणि ५०-६० लिटर पाणी धरा. पाच दिवसांचा कडबा आधीच उंचावर रचा, ताडपत्री घाला. नुसत्या उसाच्या वाढ्यांवर, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पाल्यावर, दिवस काढायचे असतील तर त्यांवर चुन्याची निवळी शिंपडा, वाढ्यांतल्या ऑक्झॅलेटमुळे अंगातलं कॅल्शियम कमी होतं. पुराचा गाळ बसलेली, आंबलेली वैरण टाकून द्या. छावणीत धार चुकवू नका, दूध ओतून द्यावं लागलं तरी चालेल. कास तुंबली तर कासदाह होतो.

म्हशींना घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी, शेळ्यांना आंत्रविषाराची, मे अखेरपर्यंत झाल्या पाहिजेत. लस लागू पडायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून पाणी आल्यावर टोचून घेणं उशिराचं. प्रत्येक जनावराचा कानातला १२ अंकी बिल्ला दिसेल असा मालकासोबतचा फोटो काढून ठेवा. जनावर दगावलंच तर पंचनाम्याला तोच कामी येतो. पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी १९६२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७.

पाणी ओसरल्यावर कुत्र्याला लेप्टो होतो म्हणतात. त्याच्यापासून आम्हालाही होतो का?
— एक वाचक, बदलापूर

होऊ शकतो. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार. उंदरांच्या मुतातून त्याचा जंतू साचलेल्या पाण्यात येतो, कुत्र्याच्या जखमेतून किंवा पाणी पिताना आत शिरतो आणि पुढे कुत्र्याच्या मुतातून माणसापर्यंत येतो. लस असते, पण ती पहिल्यांदा देताना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात आणि पुढे दरवर्षी एक. म्हणजे सुरुवात एप्रिलमध्ये. गेल्या वर्षीची लस चालू आहे असं धरून चालू नका, पुस्तकातली तारीख बघा. रेबीजची लस याहून वेगळी.

घरी परतल्यावर आधी माणसांनी गाळ काढून फरशी धुवावी, वाळू द्यावी, मगच कुत्र्याला आत घ्यावं. फिनाइल लावलं असेल तर फरशी साध्या पाण्याने पुन्हा पुसा, कारण ते पंजांवरून जिभेवर जातं. फिरून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी करा. ताप, उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी कमी किंवा गडद, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. तोवर त्याची शू पुसताना रबरी हातमोजे घाला. घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांना "कुत्र्यालाही बरं नाही" हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.