निम्मी कादंबरी झाली आणि आता सगळं टाकाऊ वाटतंय. ही शंका घालवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही शिरपूरकडचे. दीड वर्षापासून कादंबरी लिहिताय, निम्म्यावर आलात, आणि गेले दोन महिने वही उघडली की एकच वाटतं: हे टाकाऊ आहे, आपल्याला जमायचं नाही. नोकरी करून रात्री लिहिता. घरात कुणाला वाचून दाखवलेलं नाही. सातव्या प्रकरणावर गाडं अडलंय. आणि शेवटी विचारलंय, ही शंका कायमची घालवायची कशी.

मी चोपड्याची. बावीस वर्षं कथा लिहितेय, दोन संग्रह झालेत, आणि तुम्ही सांगताय तसले दिवस मी जवळजवळ प्रत्येक कथेला काढलेत. म्हणून आधीच सांगते, कायमची जात नाही ती. पहिलं पुस्तक आलं की जाईल असं मलाही वाटायचं. पुस्तक आलं, आणि दुसऱ्याच्या वेळी ती आणखी मोठी होऊन आली: पहिलं चुकून जमलं असेल, आता उघडी पडशील. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नेमक्या याच भावनेवर लिहिलं. त्यांनी दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांचा अनुभव पाहिला होता. पदव्या होत्या, मानमरातब होता, तरी आपण लोकांना फसवतोय आणि एक दिवस पकडले जाऊ, असं त्यांना आतून वाटत होतं. हे वाचलं तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं. यश मिळालं की शंका आपोआप विरते, ही आशा मी त्या दिवशी सोडली, आणि तिच्यासोबत राहून काम कसं करायचं याकडे वळले.

ते मी शिकले वडिलांच्या केळीच्या बागेत. तुम्ही तापीकाठचे, केळी तुम्हाला नवी नाही, पण माझं म्हणणं पटवायला थोडं सविस्तर सांगते.

आमची कांदेबाग असायची, म्हणजे ऑक्टोबरात लावलेली केळी. मे महिन्यात तिच्याकडे बघवत नसे. पारा ४५ च्या पुढे, पश्चिमेचा गरम वारा, शेवरीचं कुंपण असूनही पानांच्या चिंध्या झालेल्या, कडा करपलेल्या. शेजारचे काका बांधावर उभे राहून दरवर्षी तेच म्हणायचे, "यंदा बाग गयी." वडील ऐकून घ्यायचे आणि ठिबकची नळी तपासायला पुढे निघून जायचे. मी नववीत असताना एकदा त्यांना विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही का? त्यांनी वाऱ्याने आडवं झालेलं एक झाड विळ्याने उभं चिरून दाखवलं. पांढऱ्याशुभ्र पदरांच्या आत, मधोमध, बोटाएवढं काहीतरी होतं. "हा घड," ते म्हणाले. केळीचा घड बाहेर निसवायच्या कितीतरी आधी खोडाच्या आत तयार होतो, आणि त्याला किती फण्या येणार हेही तेव्हाच बऱ्यापैकी ठरतं. बाहेरून झाड सगळ्यात दरिद्री दिसत असतं, तेव्हाच आत हे काम चाललेलं असतं. त्या दिवसांत पाणी आणि खत चुकवलं तर घड खरोखर बारीक पडतो.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. एका वर्षी मृगबागेत, म्हणजे मृगाच्या सुमाराला लावलेल्या केळीत, ऑगस्टमध्ये हरण्या रोग आला. कोवळ्या पानांवर पिवळे पट्टे, पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडलेला. काका बांधावरून बोलले तेच बोलले, बाग गयी. वडील मात्र त्या दिवशी नुसतं ऐकून पुढे गेले नाहीत. जुन्या धोतराच्या चिंध्या घेऊन ते ओळीओळीने फिरले, पान उलटून बघत, आणि ज्या झाडावर पट्टा दिसला त्याला चिंधी बांधत. संध्याकाळपर्यंत चिंधी बांधलेली सगळी झाडं मुळासकट उपटून लांब खड्ड्यात पुरली. मावा ही बारीक कीड तो रोग पसरवते, म्हणून उरलेल्यांवर फवारणी केली. बाकीची बाग उभी राहिली.

काकांची शंका आणि वडिलांची शंका यांत जो फरक आहे, तो मला लिहिताना उपयोगी पडतो. काका बांधावरून सगळ्या बागेवर बोलायचे. वडील झाडाला हात लावून बोलायचे. तुमच्या डोक्यात रात्री जो आवाज येतो तो कुठे उभा राहून बोलतोय, एवढं बघा. "हे सगळं टाकाऊ आहे", "आपल्याला जमायचं नाही", हा बांधावरचा आवाज. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला पटवायलाही जाऊ नका. त्याला एकच विचारा: कुठे? पान दाखव. ओळ दाखव.

मी हे अक्षरशः वहीत करते. वहीच्या मागच्या पानावरून उलट्या बाजूने लिहायला सुरुवात करते आणि शंका आली की तिथे उतरवते, पण अट एकच, पानाचा आकडा पाहिजे. शेवटच्या कथेच्या वहीत मागे अशा नोंदी आहेत: "पान १२, म्हातारी एवढं लांब वाक्य बोलणार नाही." "पान १९, पाऊस दोनदा आला." "पान ३१, सून रडते ते मला सोयीचं म्हणून रडते, तिला रडायचं कारणच नाही." ही तिसरी नोंद लिहिताना मला लाज वाटली होती, कारण ती खरी होती. त्या दिवशी मी काहीच दुरुस्त केलं नाही. चिंधी बांधली आणि पुढे लिहीत राहिले. उपटायचा दिवस वेगळा ठेवायचा. ज्या शंकेला पानाचा आकडा देता येत नाही, ती मी लिहितच नाही. अशा रात्री दहा-पंधरा मिनिटं वही तशीच उघडी ठेवून बसते, एखादी ओळ होते, कधी होत नाही. तरी बसते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: "संवाद अहिराणीत घेतलेत, पण पुण्यामुंबईचे वाचक हसतील का?" माझ्या अंदाजाने तुमच्या शंकेचं मूळ इथे आहे, म्हणून यावर जरा थांबते.

माझ्या तिसऱ्या की चौथ्या कथेत जमीन विकून आलेला मुलगा रात्री घरी येतो. त्याने काय केलंय हे आईला कळलेलं आहे. ती एवढंच म्हणते, "तुले भूक लागनी व्हई." एका मासिकाकडे कथा पाठवली. संपादकांचं उत्तर आलं, कथा चांगली आहे, भाषा शुद्ध करून पाठवा. मी पाठवली. "तुला भूक लागली असेल, बाळा." ते "बाळा" मी माझ्या पदरचं घातलं, कारण त्याच्याशिवाय वाक्य कोरडं वाटायला लागलं. कथा छापून आली. आईला वाचून दाखवली तर ती म्हणाली, ही बाई कोण आहे? पुढे जवळजवळ दोन वर्षं मी लिहिलेलं प्रत्येक वाक्य मनातल्या मनात "शुद्ध" करून बघायचे आणि मग दोन्ही रूपं खोटी वाटायची. ती शंका माझी नव्हतीच, उसनी होती. संग्रहात कथा घेताना मी ते वाक्य परत होतं तसं केलं. वाचकांची जी पत्रं आली त्यांत त्या ओळीबद्दल कोल्हापूरच्या एका बाईंनी लिहिलं होतं. त्यांना अहिराणी येत नव्हती, पण वाक्य कळलं होतं.

आणि आपल्याकडे बहिणाबाई आहेत. १८८० साली असोद्याला जन्म, अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात गाणी रचली, घरच्या बोलीत. घरच्यांनी ती ऐकून उतरवून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने गाणी पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. मोठेपणा सांगायला मी हे लिहीत नाही, तो सगळ्यांना माहीत आहे. मी त्यांच्याकडून एक साधी रीत घेतली. त्यांची ओळ आधी तोंडात यायची, हात कामात असताना. समोर कोरा कागद नव्हता. मीही आता अडले की वही मिटते आणि तो प्रसंग भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना मोठ्याने सांगते, समोर कुणी असल्यासारखा. तोंडाने सांगताना माणूस सजवत बसत नाही. जे सांगायचं राहून जातं ते बहुतेक वेळा कथेत नकोच असतं.

घरात कुणाला तरी वाचून दाखवा. एकच माणूस, आणि "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याला "छान" एवढंच उत्तर येतं, आणि त्या "छान"वर आपण रात्रभर शंका घेत बसतो. विचारा, कुठे कंटाळा आला? कुठे कोण बोलतंय ते कळलं नाही?

एक मात्र वेगळं सांगते. ही उदासी वहीपुरती असेल तर वरचं सगळं लागू. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, माणसांत बसवत नसेल, जगणंच टाकाऊ वाटत असेल, तर तो प्रश्न कादंबरीचा नाही. डॉक्टरांना दाखवा. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी स्वतः एका वर्षी डॉक्टरांकडे गेले होते आणि आधीच जायला हवं होतं असं वाटलं.

आता तुमचं सातवं प्रकरण. पहिली सहा उघडू नका, निदान या महिन्यात. सातवं सकाळी वाचा, रात्री दमल्यावर नको. मोठ्याने वाचा, संवाद तुमच्या घरात बोलतात त्या सुरात. जिथे जीभ अडखळेल तिथे समासात पेन्सिलीने छोटी खूण करा आणि पुढे सरका, तिथल्या तिथे खोडू नका. शेवटच्या ओळीपर्यंत गेलात की खुणा मोजा. किती झाल्या ते खाली लिहा, आणि वाटलं तर त्यातली एखादी ओळही लिहा, अहिराणीतच. मी वाचेन.