दसऱ्याला तुला खडपं का दिसली नाहीत

प्रिय मुली,

तुझे सगळे फोटो बघितले, दोनदा बघितले, आणि मग तुझा तो प्रश्न परत वाचला, की काका, गुहागरजवळच्या हेदवीच्या फोटोंमध्ये ती काळी खडपं, म्हणजे किनाऱ्यावरचे ते कातळ, त्यातली पाण्याची डबकी, त्यात पडलेलं आभाळ असं सगळं दिसतं, मग मी गेले तेव्हा सूर्यास्ताला नुसतं पाणीच पाणी कसं होतं? लेन्स कमी पडली का?

लेन्सचा काही संबंध नाही गं. तू दसऱ्याला गेलीस, म्हणजे दशमीला. आता हिशोब सांगतो, हा कोकणात किनाऱ्यावरच्या माणसांना तोंडपाठ असतो. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे संध्याकाळी साडेसातला पूर्ण भरती, आणि तू सव्वासहाला कॅमेरा लावून उभी, तेव्हा खडपं कधीच पाण्याखाली गेलेली. तीच तू पाच दिवसांनी कोजागिरीला गेली असतीस तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, भरती दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, तिथून सहा तासांनी ओहोटी, म्हणजे बरोबर सूर्य बुडायच्या वेळी सगळा कातळ उघडा. वेळ अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होते, पण अंदाज चुकत नाही. अमावस्येलाही तेच, तिलाही पंधराच धरायचं. आणि वद्य पक्षातही तिथी तशीच मोजायची.

म्हणून फोटोला निघायच्या आधी वेदर अ‍ॅप नंतर बघ, भिंतीवरचं कालनिर्णय आधी बघ. पौर्णिमा, अमावस्या आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा ही आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी खडपांची वेळ, कारण तेव्हा उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं, एरवी कधी न दिसणारा कातळ दिसतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे चढउतार कमी, आणि भरती सहाच्या सुमारास. तेव्हा खडपांचा नाद सोडायचा आणि लाटा कड्यावर आपटतात ते काढायचं. रोज भरती पाऊण तास पुढे सरकते एवढं लक्षात ठेवलंस की आठवडाभराचा प्लॅन तुझा तूच करशील.

हे मला कुणी क्लासमध्ये नाही शिकवलं. सुरुवातीच्या वर्षांत मी एकदा त्रयोदशीला खडपावर गेलो होतो, चारच्या सुमारास, पाणी खूप लांब होतं. कालवं काढणाऱ्या चार-पाच बायका परत निघाल्या होत्या, डोक्यावर टोपल्या. कालवं काढताना कधी जवळून बघ, त्या उकिडव्या बसतात, हातात छोटीशी कोयती, शिंपल्याच्या सांध्यावर एकच टोला, वरचं झाकण निघतं आणि आतलं मऊ कालव टोकानं अलगद उचलून भांड्यात, आणि हे सगळं चालू असताना दर थोड्या वेळानं मान वर करून पाण्याकडं बघणं, एकदाही चुकत नाही. त्यातली एक म्हातारी मला म्हणाली, पानी भराया लागलंय, निघ आता. मी हो म्हटलं आणि थांबलो, कारण उजेड आत्ता कुठे चांगला होत होता ना. साडेसहाला मागे वळून बघितलं तर मी आलो ती वाट नव्हती, तिथे कंबरभर पाणी होतं, आणि लाट आली की छातीपर्यंत. त्या पाण्यातून बाहेर येताना कॅमेऱ्याची बॅग गेली, आणि कालवांच्या शिंपल्यांनी दोन्ही पाय फाटले, त्या कडा ब्लेडसारख्या असतात. ती म्हातारी वर वाळूत उभी होती. गेली नव्हती. मी येईपर्यंत थांबली होती.

तिनंच मला नंतर पाऊणपटीचा हिशोब सांगितला. आणि बाकीचं मी पुढे शिकलो, की पाणी सहा तास एकाच वेगानं चढत नाही. पहिल्या तासात बारा भागांतला एक भाग चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. म्हणजे ओहोटीनंतरचा पहिला तास तुला वाटतं काहीच होत नाहीये, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. त्रयोदशीला तो तिसरा-चौथा तास बरोबर सूर्यास्ताला येतो. उधाणाला आपल्या बाजूला पाण्यातला फरक दोन मीटरच्या वर जातो, तू पाच फूट तीन इंच, म्हणजे विचार कर. तेव्हा नियम एकच, पाणी उतरत असताना त्याच्या मागे मागे खाली जायचं, चढायला लागलं की त्याच्या आधी वर यायचं. फोटो राहिला तर राहिला.

आता ऋतूंचं. तू विचारलंस की कोकणात बेस्ट सीझन कुठला. मी उलटं सांगेन, एक जागा निवड आणि तिथे वर्षभर जा. दहा बीच दोन दिवसांत उरकणारे खूप आहेत, आणि त्यांचे सगळे फोटो एकसारखे असतात, कुठलाही काढून कुठेही लावला तरी कळत नाही. तुला हेदवी आवडली ना, मग हेदवीच धर. उमामहेश्वराच्या देवळापुढून कातळावर गेलीस की ती बामणघळ लागते, कातळातली अरुंद भेग, भरतीला पाणी त्यात घुसतं आणि जागा नाही म्हणून सरळ वर उडतं. तीच घळ ओहोटीला मुकी असते. तीच जागा, फक्त पाणी बदललं.

आणि सूर्यही एका जागी बुडत नाही हे तू अजून बघितलेलं नाहीस. डिसेंबरच्या शेवटी तो पार डावीकडे, नैऋत्येकडे बुडतो, जूनच्या शेवटी उजवीकडे, वायव्येकडे, आणि आपल्या अक्षांशावर या दोन टोकांत जवळजवळ 50 अंशांचा फरक पडतो. हात लांब करून पंजा पूर्ण ताणलास की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण 20 अंश भरतात, म्हणजे अडीच वीत. ज्या खडकाच्या मागे सूर्य हवाय तो खडक डिसेंबरमध्ये जमेल आणि मार्चमध्ये जमणारच नाही. मी वहीत प्रत्येक जागेचं चित्र काढून सूर्य कुठल्या महिन्यात कुठे ते टिपून ठेवतो. अ‍ॅप आहेत, मीही वापरतो, पण वहीतलं लक्षात राहतं.

पावसाळा. याबद्दल जरा जास्त लिहितो कारण तू विचारलंयस की पावसात कॅमेरा बाहेर काढावा का. काढ. जून ते सप्टेंबर हा माझ्या मते आपल्याकडचा खरा लँडस्केपचा काळ आहे, लोकांना सूर्यास्त दिसत नाही म्हणून ते येत नाहीत, आणि बरंच आहे. काळा कातळ आणि पांढरा फेस यांच्यातला फरक कडक उन्हात कुठल्याही कॅमेऱ्याला झेपत नाही, एक तर फेस पांढराफटक जळतो नाही तर कातळ डांबर होतो. ढगाळलेल्या आभाळाखाली मात्र दोन्ही येतात, भर दुपारी बारालासुद्धा. हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नकोस एवढंच बघ, फेसातले तपशील एकदा गेले की एडिटिंगमध्ये परत येत नाहीत.

पण पावसाळ्यात खडपावर उतरायचं नाही. अजिबात नाही. शेवाळ असतं आणि लाटांचा भरवसा नसतो. वरून, लांबूनच काढ. आधी पंधरा मिनिटं कॅमेरा बॅगेतच ठेवून नुसती बघत उभी राहा, सगळ्यात मोठी लाट कुठपर्यंत येते, तिथला कातळ कुठवर ओला आहे, त्या ओल्या रेघेच्या खूप वर उभं राहायचं. आणि पावसाळ्यातच कशाला, स्वच्छ ऊन असताना पण लांबच्या समुद्रात उठलेल्या लाटा इथे येऊन आपटतात, हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राचा अंदाज देणारी सरकारी संस्था, त्याच्या सूचना देतं, त्या बघायची सवय लाव. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. तेव्हा बंदरात जा, त्या झाकलेल्या होड्यांचे फोटो फार कमी लोक काढतात.

पावसाळ्यातला अर्धा वेळ समुद्राकडं पाठ करून घालव. वरच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर जा. मेमध्ये जो जांभा भाजून काढतो, पाय ठेववत नाही, तोच सडा पहिल्या पावसानंतर दोन आठवड्यांत हिरवा होतो, सुरुवातीला पांढरी दिपकाडी फुलते, नंतर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेंद, सीतेची आसवं, तेरडा. सीतेची आसवं नखाएवढी असतात, त्यांच्यासाठी पोटावर झोपावं लागतं, आणि झोपताना बाजूची चिरडतात, म्हणून कडेच्या उघड्या दगडावरूनच काढायची. आत शिरायचं नाही.

सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, उक्षी, कशेळी, बारसू, 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलेली. तुला ती दुपारी दिसणारच नाहीत, डोक्यावर ऊन असलं की खोदलेली रेघ सपाट होते. सकाळी सूर्य उगवल्यावरचा अर्धा तास किंवा मावळायच्या आधीचा, उजेड आडवा आला की प्रत्येक खोबणीत सावली भरते आणि कशेळीचा तो हत्ती जमिनीतून वर उठतो. काही लोक फोटोत उठून दिसावं म्हणून रेघांमध्ये खडू भरतात, मला हे बघून फार त्रास होतो, हजारो वर्षं पाऊस खाल्लेली रेघ आहे ती. तू तसं करणार नाहीस हे मला माहितीये, पण बरोबरचा कुणी करत असेल तर थांबव.

थंडीबद्दल थोडंच. ऑक्टोबरमध्ये हवा धुतलेली असते, डिसेंबर-जानेवारीत धुरकट होते, पण त्या धुरकटपणात सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक फिकट होत जातात, ते घाटमाथ्यावरून सकाळी काढ. किनाऱ्यावर कुरव पक्षी आलेले असतात. फेब्रुवारीपासून वेळास, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात, जरूर जा, पण फ्लॅश नको, मोबाइलचा टॉर्च नको, पिल्लं उजेडाच्या दिशेनं वळतात. मेमध्ये वळवाचे ढग संध्याकाळी घाटाकडून चढतात, तेव्हा समुद्राकडं नाही, पूर्वेकडं बघायचं.

सामानाचं. नवीन लेन्स घेऊ नकोस. तुझी 18-55 चालेल दोन वर्षं. ट्रायपॉड चांगला घे, लेन्सपुढे लावायचा एक पोलरायझर घे म्हणजे ओल्या कातळावरची चमक जाऊन त्याचा खरा रंग दिसतो, आणि एक सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, त्यानं शटर 1/15 सेकंदाऐवजी चार सेकंद उघडं ठेवता येतं. तुझ्या फोटोंमध्ये सगळीकडे तीस सेकंद आहेत, पाण्याचं दूध झालंय. मला ते आवडत नाही, स्पष्टच सांगतो, त्यात समुद्राचा जोर जातो. अर्धा सेकंद करून बघ, आणि लाट येताना नाही, परत जाताना बटण दाब. परत जाणारं पाणी कातळावर फेसाच्या रेघा ओढत जातं, आणि त्या रेघा बघणाऱ्याला आत घेऊन जातात.

घरी आलीस की ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यानं धू, त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नाही. लेन्सवर खारे तुषार असतील तर कोरड्या कपड्यानं घासू नकोस, मीठ काचेवर ओरखडे काढतं, आधी गोड्या पाण्यानं किंचित ओल्या कपड्यानं टिपून घे. लॉजवर एसीत झोपलीस तर पहाटे बाहेर आल्यावर लेन्सवर बाष्प धरतं, म्हणून बॅग अर्धा तास आधी बाहेर ठेव, बंदच. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेव, कपाटात चामड्याच्या बॅगेत ठेवलेल्या माझ्या एका लेन्सला आतून बुरशी लागली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

आता बघ, येत्या महिन्यात त्रिपुरी पौर्णिमा आहे. सूर्य सहाच्या सुमारास बुडेल, ओहोटी त्याच सुमारास, आणि त्याच वेळी मागे डोंगरावर पूर्ण चंद्र उगवेल, पश्चिमेला सूर्य पूर्वेला चंद्र आणि मध्ये उघडी खडपं. दुपारी साडेतीनला देवळापाशी ये, म्हणजे उतरत्या पाण्याबरोबर खाली जाता येईल. जाड तळाचे बूट घाल, चपला नकोत. आणि त्या बायका कालवं काढत असतील, त्यांचे फोटो काढायच्या आधी जाऊन बोल त्यांच्याशी, विचार. ती म्हातारी आता नाही, पण तिची सून येते, पाण्याकडं तशीच मान वर करून बघते.

तुझा काका