दोन दोर आणि मधला पीळ

प्रश्न : मी साताऱ्यात झाडांच्या छाटणीची कामं घेतो. एका दोरावर काम झपाझप व्हायचं. आता दोन दोर घेतले, तर निम्मा दिवस पीळ सोडवण्यात जातो. दुसरा दोर फक्त करवत चालवताना जोडला तर चालेल का?

उत्तर : नाही, दादा. जमीन सोडल्यापासून दोन्ही दोर जोडलेले हवेत. ब्रिटनमध्ये २००५ च्या नियमांनी दोरावरच्या कामाला वेगवेगळ्या जागी अडकवलेले दोन दोर लागतात, आणि सुरुवातीला तिथले झाडवालेही तुमच्यासारखेच वैतागले होते.

पीळ पडतो तो आपल्या फिरण्यामुळे. पुण्यात एका रेन ट्रीवर मी खोडाला उजवीकडून वळसा घालून पलीकडच्या फांदीवर गेलो आणि परतताना तसाच पुढे फिरून आलो. बेचक्यापाशी दोन्ही दोर वेणीसारखे गुंफले होते. उन्हात, एका हाताने फांदी धरून, मी ते सोडवत बसलो. तेव्हापासून ज्या बाजूने गेलो त्याच बाजूने परततो. फांदी ओलांडताना दोन्ही दोर तिच्या एकाच बाजूला ठेवतो. माझा भगवा दोर कायम डावीकडे, निळा उजवीकडे, हार्नेसवरही (अंगाला बांधलेल्या पट्ट्यांवर) आणि वर बेचक्यातही. दोरांची खाली लोंबणारी शेपटं पिशवीत ठेवतो, नाहीतर खाली पडलेल्या फांद्यांत अडकतात. मात्र दोन्ही दोर जमिनीपर्यंत पुरतात ना, ते चढण्याआधीच बघा.

चढताना दोन्ही दोर दुहेरी, म्हणजे बेचक्यावरून वळवून परत खाली आणून, टाकले असतील तर दम लागणारच, कारण मीटरभर वर जायला प्रत्येकाचा दोन मीटर दोर ओढावा लागतो. मी चढतो एकेरी, वर पक्क्या बांधलेल्या दोरावर, दुसरा सोबत ताणत नेतो. तो ढिला राहिला तर पडताना झटका बसतो.

वेळ खरा वाचतो तो वर गेल्यावर. रेन ट्रीसारख्या पसरट झाडात दोन दोर लांब-लांबच्या दोन भक्कम बेचक्यांत टाका. फांदीच्या टोकाकडे गेलात की दोन्हीकडून ताण येतो, अंग झोके खात नाही, करवत नेमकी लागते. जागा बदलायची झाली तर एकावर वजन ठेवून, कमरेचा पट्टा दुसरा आधार म्हणून जोडून, दुसरा दोर हलवता येतो. एका दोरावर असताना यासाठी तुम्हाला दरवेळी नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर लटकावं लागत असणार.

पहिले आठ दिवस करवत न घेता, दहा-बारा फुटांवर नुसता फिरण्याचा सराव करा. खाली जोडीदार उभा ठेवा. पीळ पडायला लागला की तो त्याला तुमच्या आधी दिसतो.